घरबसल्या ‘स्वान लेक’ कसा बघावा

गोरेगावात (मुंबईतल्या नव्हे, सेनगाव तालुक्यातल्या) घरच्या टीव्हीवर ‘स्वान लेक’ लावायचा असेल, तर पहिली तयारी भारनियमनाचे वेळापत्रक बघण्याची. बॅले चार अंकी आहे. मध्यंतर वीजच देईल. ते तिसऱ्या अंकात येऊ नये, एवढे सांभाळावे. दुसरी तयारी बैठकीची. टीव्हीपासून सरकता येईल तितके मागे सरकावे, जमल्यास थेट ओसरीत बसावे. बॅले दुरून बघण्याची गोष्ट आहे आणि नेमके हेच कॅमेरावाल्याला पटत नाही. त्याला चेहरे हवे असतात. नृत्यरचनाकार पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी 1895 साली पीटर्सबर्गला बसवलेल्या प्रयोगापासून तिसऱ्या अंकात नायिकेची तोतया ओडील एका पायावर 32 गिरक्या घेत आली आहे. टेकलेला पाय जागेवरून किती ढळतो, यातच तिची सारी परीक्षा. त्याच क्षणी पडद्यावर तिचे हसू दिसले, तर आपण दंतमंजनाची जाहिरात बघतो आहोत असे समजावे. दुसऱ्या अंकात चार छोट्या हंसिणी हातात हात गुंफून नाचतात. त्यातली एकच जवळून दाखवायची, तर उरलेल्या तिघींनी पाय कशाला झिजवायचे?

यावर कुणी म्हणेल, दुरून माणसे अंगठ्याएवढी दिसणार, मग भाव कसे कळणार? अशा माणसाला कथा सांगावी. नायिका ओडेट आणि तिची तोतया ओडील ही दोन्ही कामे बहुधा एकच नर्तकी करते, आणि राजपुत्र फसतो तो चेहरा जवळून बघितल्यामुळेच. चार पावले मागे उभा राहिला असता, तर हातांच्या लवचीकपणावरून आणि पावलांच्या ठसक्यावरून त्याला ही कोण ते कळले असते. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला बघताना अगदी शेवटच्या रांगेलाही रावण चालीवरून ओळखू येतो. तिथे त्याच्या भुवया कुणी मागत नाही.

म्हणून जवळचे दृश्य सरसकट बाद करावे असेही नाही. नाच संपून कलाकार वाकून नमस्कार करतात, तेव्हा कॅमेऱ्याने खुशाल नाकाशी जावे. पायांचे काम झालेले असते. मात्र इथे हात आखडता घ्यावा. 1964 साली व्हिएन्नात याच बॅलेनंतर मार्गो फाँटेन आणि नुरेयेव या नर्तक जोडीसाठी पडदा 89 वेळा उघडला म्हणतात. आपण तीन वेळा टाळ्या वाजवून उठावे. उरलेल्या 86 वेळांसाठी थांबलो, तर पंपाची रात्रीची थ्री-फेज वीज निघून जाईल आणि हरभरा कोरडा राहील.