खडक आमचा, धूर त्यांचा

ऊर्जा कंपन्यांच्या जाहिरातींना अलीकडे समुद्राशिवाय चालत नाही. निळ्या पाण्यात पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या, आणि खाली बारीक अक्षरांत ग्वाही, की उरलासुरला धूर आम्ही जमिनीत गाडू. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा पवनचक्क्यांच्या चित्रात आपली वर्णी लागणे कठीण. धूर गाडण्यासाठी मात्र आपल्याइतका लायक जिल्हा शोधून सापडायचा नाही. पूर्वेला पारस, पश्चिमेला भुसावळचे दीपनगर, दोन्हीकडे कोळशावर चालणारी वीजकेंद्रे; आणि मधे आपण, दख्खनच्या काळ्या पाषाणावर. हा बेसॉल्ट कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्याचा दगड करतो, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. भारतातल्या बेसॉल्टमध्ये असा किती वायू मावेल, याचा नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालातला अंदाज आहे 97 ते 316 अब्ज टन. म्हणजे अंदाजातच 219 अब्ज टनांची ऐसपैस जागा आहे. आजवर या खडकात खोलवर गुंतवणूक केली ती एकाच बाहेरच्या पाहुण्याने, लोणारला येऊन आदळलेल्या उल्केने. तिने सामंजस्य करार केला नव्हता, पत्रकार परिषदही घेतली नव्हती. पण काम करून दाखवले.

आता थोडा ढोबळ हिशेब. आइसलँडमध्ये ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने 2012 मध्ये बेसॉल्टमध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातल्या 95 टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाल्याचे 2016 मध्ये जाहीर केले. प्रयोग अस्सल आहे, टिंगल करण्यासारखे त्यात काही नाही. फक्त एक टन वायू विरघळवायला पंचवीसेक टन पाणी लागते. पारसचे 250 मेगावॅटचे दोन संच सत्तर टक्के क्षमतेने चालले आणि युनिटमागे किलोभर वायू सुटला, असे धरले तर वर्षाला 30 लाख टन होतात. तो सगळा गाडायचा तर पाणी हवे 75 दलघमी. मलकापूरला पाणी पाजणारे नळगंगा धरण काठोकाठ भरले तरी 69 दलघमीच्या आसपास साठते. तेव्हा धरण पूर्ण रिकामे करावे, उरलेल्यासाठी टँकर लावावेत. टँकरचा अनुभव आपल्याकडे दांडगा आहे. यावर तज्ज्ञ म्हणतील, गोडे पाणीच कशाला, समुद्राचे पाणी वापरण्याचेही प्रयोग चालू आहेत. उत्तम. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातले जे पाणी माणसाला पिववत नाही आणि पिकाला सोसवत नाही, त्याला अखेर गिऱ्हाईक मिळेल. अडचण एवढीच, की तिथे बेसॉल्ट पूर्णेच्या गाळाखाली खोल दडलेला आहे. दुसरे तज्ज्ञ म्हणतील, विरघळवायलाच नको, वायू दाबून थेट खडकात भरता येतो. तेही खरे. अमेरिकेत वॉलुला इथे 2013 मध्ये तसा भरला, हजार टनांच्या आत. पारस तेवढा साधारण तीन तासांत सोडते.

तंत्र खोटे नाही, प्रमाण खोटे आहे. आणि हे लपवण्यासाठी कंपन्यांनी व सरकारांनी शोधलेला उपाय म्हणजे लांबची तारीख. या बाबतीत आपल्या भेंडवळची घटमांडणी कितीतरी प्रामाणिक वाटते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यांचा घट मांडतात, चार महिन्यांची चार ढेकळे, वर घागर, तिच्यावर पापड-कुरडई. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगून मोकळे होतात. ही अंधश्रद्धा आहे, असा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. ‘पाऊस साधारण’ म्हणत निसटायची सोयही तिथे आहेच. पण मुदत एका हंगामाची असते. दिवाळीपर्यंत कास्तकाराला कळते, काय जुळले आणि काय फसले. आता समुद्रातल्या पवनचक्क्यांचे भाकीत पाहा. 2018 मध्ये केंद्राने उद्दिष्ट मांडले: 2022 पर्यंत 5 हजार मेगावॅट, 2030 पर्यंत 30 हजार. 2022 सरले तेव्हा देशाच्या समुद्रात एकही पवनचक्की नव्हती. मग 2024 मध्ये 7,453 कोटींची योजना मंजूर झाली, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर मिळून 1 हजार मेगावॅटसाठी. ब्रिटनच्या बीपीने 2020 मध्ये सांगितले, दहा वर्षांत तेल-वायूचे उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू. 2023 मध्ये ते 25 टक्क्यांवर आले, आणि 2025 मध्ये तेल-वायूवरचा खर्च वाढवायचे ठरले. आपली ओएनजीसी 2038 पर्यंत ‘नेट झिरो’ होणार आहे, पण स्वतःच्या कामकाजापुरती. मुंबई हायचे तेल उपसताना झालेला धूर कंपनीच्या खात्यात. तेच तेल डिझेल होऊन नांदुऱ्याजवळ महामार्गावर तुंबलेल्या ट्रकांमध्ये जळाले, की तो धूर ट्रकवाल्याच्या खात्यात. दारूच्या दुकानदाराने स्वतः व्यसनमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र भिंतीला लावावे, तशी ही शून्याची व्याख्या आहे.

सुरुवात लहानच असते, प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, असे यावर बजावले जाईल. पण नॉर्वेच्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात 1996 पासून समुद्रतळाखाली कार्बन डायऑक्साइड भरला जातो आहे, बरीच वर्षे तर वर्षाला दहा लाख टनांच्या घरात. तिथली कंपनी काही संतांच्या पालखीत चालणारी नव्हती. नॉर्वेने 1991 मध्ये कार्बनवर कर बसवला होता. वायू हवेत सोडण्यापेक्षा गाडणे स्वस्त पडले, म्हणून गाडला. उलट ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन वायुप्रकल्पात शेव्हरॉनने भूगर्भातून वायूसोबत येणारा 80 टक्के कार्बन डायऑक्साइड पुरायचे कबूल केले होते. 2019 मध्ये काम सुरू झाले, आणि पुढच्या वर्षांत ते उद्दिष्ट काही साधले नाही. दोन्हीकडे अभियंते हुशारच होते; नॉर्वेत त्यांच्या पाठीशी कर होता. वीज महागेल, म्हणून आपल्याकडे कराचे नाव काढले की सगळे एकसुरात नको म्हणतात, आणि गरीब ग्राहकाचा कळवळा सर्वांत आधी कंपन्यांना येतो. पण धुराची किंमत आजही कोणीतरी मोजतेच: अवेळी पावसात सोयाबीन भिजलेला कास्तकार, उन्हाळ्यात टँकरमागे धावणारी बाई. फक्त पावती कंपनीच्या नावे फाटत नाही. ती फाडायचे धाडस होईपर्यंत निदान वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर एक आकडा छापायला हरकत नसावी: गेल्या मार्चअखेर प्रत्यक्ष किती टन जमिनीत गेले. शून्य असेल तर शून्य छापावे. 2038 च्या शून्यापेक्षा ते तपासायला सोपे जाईल.