मताचा परतावा

२०२१ मध्ये पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात पंधरा लाख जमा झाले. पंतप्रधानांनी निवडणुकीतला शब्द पाळला असं समजून शेतकऱ्याने आभार कळवले, नऊ लाख काढून घर बांधलं. लोकशाहीवर अशी निष्ठा दुर्मीळच. पैसे निघाले पिंपळवाडी ग्रामपंचायतीचे. बँकेला हे काही महिन्यांनी उमगलं. घाई बरी नसतेच. इंग्लंडच्या १९६८च्या चोरी कायद्यात अशी चुकून जमा झालेली रक्कम अप्रामाणिकपणे ठेवली तर चोरी ठरते. पण इथे अप्रामाणिकपणा कसला? शेतकऱ्याने चक्क नेत्यावर विश्वास ठेवला होता.

आपल्या १८७२च्या करार कायद्याचं कलम ७२ सुटसुटीत आहे: चुकून मिळालेलं परत करा. मतदारांनी याच कलमाखाली चुकून दिलेल्या मतांच्या परताव्यासाठी अर्ज करावेत. सोबत बोटावरच्या शाईची साक्षांकित प्रत जोडावी.