व्हीटूकर

रविवारी सकाळी साडेनऊला निम्मं नाशिक मिसळीच्या टेबलासाठी ताटकळत असतं. व्हीटूकर मात्र सातपूरच्या घरात मोबाइल डब्याला टेकवून मांडी घालून बसतात. जपानात तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो आणि व्हॉलीबॉलच्या दुसऱ्या पातळीच्या लीगमधला सामना सुरू होणार असतो.

हे त्यांचं आडनाव नव्हे. 2018 पासून या पातळीला 'व्ही-टू' म्हणत. 2024 मध्ये वरची 'एसव्ही लीग' झाली, खालची नुसती 'व्ही लीग' उरली. आमच्या कॉलनीने मात्र नामांतर मानलेलं नाही.

'हायक्यू' ही व्हॉलीबॉलची जपानी कार्टून मालिका बघून पुतण्याला इशिकावा या जपानी स्टार खेळाडूचं वेड लागलं, तर हे म्हणाले, "त्याचं काय कौतुक? त्याला त्याचेच पैसे मिळतात!" कौतुक करायचं ते टोकियो पोलिसांच्या संघाचं. किंवा किंदेन या वीजकामाच्या कंपनीच्या संघाचं. "वायरमन आहे तो, वायरमन! आणि ब्लॉक बघ!" (तो हिशेबनीसही असू शकेल, पण हे त्यांना सांगणार कोण?)

याचं मूळ सातपूरच्याच एका कारखान्यात आहे. तिथल्या संघात व्हीटूकर लिफ्टर होते. पहिली पाळी सुटली की नेट बांधायचं, अंधार पडेपर्यंत खेळायचं. पुढे नेटच्या जागी स्कूटर स्टँड आला. म्हणून 1964 च्या टोकियो ऑलिंपिकची गोष्ट ते घरचं कार्य असल्यासारखी सांगतात. व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलेलं. सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानी मुली बहुतेक काइझुकाच्या निचिबो गिरणीतल्या. दिवसा कचेरी, नंतर दाइमात्सु मास्तरांचा मध्यरात्रीपर्यंत सराव. "आणि आपल्याकडे चहासुद्धा पाळीच्या नंतर पैसे देऊन!"

त्यांचा लाडका संघ होक्काइदोचा 'वोरेआस'. आसाहिकावासारख्या बर्फाच्या गावातला. खालच्या व्ही-थ्रीतून व्ही-टूत, तिथून 2023 मध्ये थेट पहिल्या पातळीवर. कॉलनीने पेढे मागितले. व्हीटूकर सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "गेले ते. आता त्यांना बघायला लोक आहेत."

तेव्हापासून ते नव्या संघाच्या शोधात आहेत. अट एकच, तक्त्यात शेवटून पहिला हवा. परवा काकूंनी कांदा चिरता चिरता विचारलं, "याच्या खालची नाही का हो एखादी?"

"होती ना! व्ही-थ्री!" व्हीटूकर उसळले. "2024 ला मोडीत काढली मेल्यांनी!"

काकू म्हणाल्या, "बरं झालं. पोहे घ्या."