नवरा कुठाय?

कुठलाही ऐतिहासिक सिनेमा लागला की आमच्या सोसायटीतले काका मांडीवर वही घेऊन बसतात. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे सिनेमात काय दाखवलं, उजवीकडे खरं काय घडलं. हयात विक्रीकर खात्यात गेली. दोन रकाने जुळले नाहीत तर त्यांना अन्न गोड लागत नाही.

अशी माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. पेशव्यांच्या पगडीचा पीळ उलटा आहे, औरंगजेबाच्या छावणीमागे गुलमोहर फुललाय, हे त्यांना बरोब्बर दिसतं. तो गुलमोहर सव्वाशे-दीडशे वर्षं लवकर फुललाय हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे तेज येतं, ते दिग्दर्शकाच्या तोंडावर पारितोषिक घेतानाही नसतं. पण बहुतेकांची हद्द साताऱ्यापासून अटकेपर्यंत. आमच्या काकांचा अंमल मात्र थेट लंडनपर्यंत चालतो. विन्स्टन चर्चिलने आपल्या पूर्वजाचं, म्हणजे पहिल्या मार्लबरो ड्यूकचं, चरित्र १९३३ ते १९३८ या काळात चार खंडांत लिहिलं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो मला लिफ्टमध्ये भेटतो. मजले चार असल्यामुळे एका फेरीत साधारण एक खंड होतो.

तेव्हा मुलाने सुट्टीत घरी आल्यावर कौतुकाने ‘द फेव्हरिट’ लावून दिला, तो कुठे हात घालतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. योर्गोस लँथिमॉस या ग्रीक दिग्दर्शकाचा हा २०१८चा सिनेमा. इंग्लंडची राणी अ‍ॅन, पाय सुजलेली, हट्टी, क्षणात रडणारी, क्षणात खेकसणारी. तिच्या नावाने कारभार हाकणारी तिची जुनी मैत्रीण सारा, मार्लबरोची बायको. आणि साराच्याच नात्यातली, बापाने देशोधडीला लावलेली अ‍ॅबिगेल. ती चाकरी मागायला येते आणि बघता बघता साराचा पत्ता कापते. हे सगळं इतक्या गारठ्याने आणि इतकं खदखदून हसवत सांगितलंय, की हसून झाल्यावर आपण नक्की कशाला हसलो असं वाटून जरा ओशाळायला होतं. राणी झालेल्या ऑलिव्हिया कोलमनला ऑस्कर मिळालं. नामांकनं दहा होती, पदरात पडलं हे एकच.

पहिल्या दहा मिनिटांत काकांनी दोनदा टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोटं घातली. भिंती वाकड्या दिसत होत्या. रॉबी रायन या छायालेखकाने मुद्दाम फिशआय लेन्स लावून ते दालन गोल केलंय, असं मुलाने समजावल्यावर काकांनी डावीकडे लिहिलं : ‘भिंती.’ उजवीकडे : ‘सरळ.’

मग वही भराभर भरत गेली. राणीच्या शयनगृहात सतरा ससे. तिच्या गेलेल्या एकेका लेकराच्या नावाचा एकेक. काका म्हणाले, सतरा गर्भारपणांचा आकडा खरा, पण ससे खोटे. त्या काळी इंग्लंडात ससा ताटात असायचा, पलंगावर नव्हे. दरबारात बदकांची शर्यत? खोटी. चहातून विष? खोटं. तो अंगविक्षेपांचा नाच? काकांनी इथे पेन मिटलं आणि नुसता हात झटकला. मात्र युद्धासाठी जमिनीवरचा कर वाढवायचा की नाही, यावर पुढारी एकमेकांवर गुरगुरू लागले, तेव्हा ते सावरून बसले. पौंडामागे चार शिलिंग, असं म्हणाले. इतक्या मायेने मी कुणाला कराचा दर उच्चारताना ऐकलेलं नाही.

काकू पलीकडे मटार सोलत बघत होत्या. त्यांच्याकडे वही नव्हती. स्वयंपाकघरातल्या मोलकरणी दिसल्या मात्र, “अगंबाई, हे जीन्सचं कापड आहे,” असं त्या म्हणाल्या. आणि ते होतंच. वेशभूषाकार सँडी पॉवेलने त्या मोलकरणींचे कपडे खरोखरच जुन्या जीन्स उसवून शिवले होते. चर्चिलच्या चार खंडांत हे नाही. काकांनी ती नोंद वहीत घेतली, पण बारीक अक्षरात.

तासाभराने काका उठून उभे राहिले. “नवरा कुठाय?”

“कुणाचा?” मुलगा.

“राणीचा! जॉर्ज. डेन्मार्कचा राजपुत्र. सारा आणि अ‍ॅबिगेलचं हे सगळं सुरू झालं तेव्हा तो जिवंत होता. १७०८च्या ऑक्टोबरात गेला. तोवर रोज त्याच वाड्यात, त्याच बिछान्यात होता. एक अख्खा नवरा गाळलाय यांनी!”

ससे, बदकं, विष या गोष्टींचा राग वहीपुरता होता. हा राग आतून आला होता. पुढे महिनाभर जो भेटेल त्याला काकांनी जॉर्ज सांगितला. दम्याचा विकार. स्वभावाने गरीब. खाण्यापिण्याची आवड. दुसऱ्या चार्ल्सने म्हणे त्याला शुद्धीत असताना पारखलं आणि प्यायल्यावरही पारखलं, दोन्ही वेळा आत काही सापडलं नाही. १६८८ साली जेम्स राजाला एकेक सरदार सोडून जात होता, तेव्हा प्रत्येक बातमीवर हा फ्रेंचमध्ये एवढंच म्हणे, “असं होऊ शकतं?” शेवटी एके रात्री हाही पळाला, तर राजा म्हणाला, अरेच्चा, ‘असं होऊ शकतं’सुद्धा गेला? बायको राणी झाली तेव्हा हा राजा झाला नाही, आणि त्याने तक्रारही केली नाही. काकांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र पार्लमेंटातली. राणीला एक विधेयक हवं होतं. जॉर्ज स्वतः लुथरन, विधेयक त्याच्यासारख्यांच्याच मुळावर येणारं. तरी तो गेला, बायकोच्या बाजूने मत दिलं, आणि विरोधी सरदाराच्या कानात म्हणाला की मनाने मी तुमच्याच बाजूला आहे.

“हा सिनेमा बघून कुणाला कळणार, की ती दोघं पंचवीस वर्षं सुखाने नांदली?” काका विचारत.

बाजू काकांची खरी आहे. आपल्याला अ‍ॅन जी माहीत आहे, ती बरीचशी साराने रंगवलेली. दरबारातून हाकलल्यावर ही बाई तीस-एक वर्षं धुमसत राहिली, १७४२ साली तिने आपल्या वागण्याचं समर्थन करणारं पुस्तक छापलं आणि आपल्यावाचून राणी म्हणजे मातीचा गोळा असं जगाच्या मनावर बिंबवलं. राणी आणि अ‍ॅबिगेलच्या संबंधांवरची कुजबुजही साराच्याच गोटातून सुटलेली. जाताना तिने सरकारी निवासातल्या दारांची कुलुपंसुद्धा उपटून नेली, असं सांगतात. सिनेमात हे घेतलं नाही याची हळहळ मला सशांपेक्षा जास्त वाटते. पण जॉर्जला गाळलं हे मला पटतं. बिछान्यात एक सज्जन माणूस घोरत असताना बाकीच्यांनी कारस्थान करायचं कसं? सुखी संसार हा दरबारी विनोदाला मारक असतो. हे मी काकांना सांगितलं नाही, कारण लिफ्ट बंद होती आणि जिना लांब होता.

त्यांनी पुढे मला करवीरला नेलं. “इकडे काय चाललं होतं बघा. १७१४. तिकडे अ‍ॅन गेली, त्याच साली इकडे राजसबाईने सवत ताराबाईला कैदेत टाकून आपल्या मुलाला गादीवर बसवलं. आहे का कुणा ग्रीकाची छाती हे काढायची?” मी म्हटलं, काढलं तर पहिली वही तुमचीच निघेल. ते खूश झाले.

काकूंचं मत एका वाक्याचं होतं, आणि ते काका नसताना त्यांनी मला सांगितलं. “तो जॉर्ज घेतला असता, तरी करणार काय होता? खोकला असता.”

मग सोसायटीची सर्वसाधारण सभा आली. विषय पुनर्विकास. बिल्डरला जागा द्यायची नाही, या पक्षाचे आम्ही पाच-सहा जण, आणि आमचे सेनापती काका. जुन्या बांधकामाची ताकद, नव्या करारातल्या पळवाटा, सगळं त्यांनी दोन रकान्यांत मांडून आणलं होतं. काकूंना मात्र नवं घर हवं होतं. मोठं स्वयंपाकघर, आणि ज्याचा नळ गळत नाही असं न्हाणीघर. भाषण काकांनीच केलं, आणि झकास केलं. मग अध्यक्ष म्हणाले, पुनर्विकासाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. काकू पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी फक्त मान वळवली.

काकांचा हात वर गेला. कोपरातून नव्हे, पूर्ण, खांद्यापासून.

हात खाली घेता घेता ते माझ्याकडे झुकले. “मनाने मी तुमच्याच बाजूला आहे, बरं का.”