थकबाकी

भाऊकाका सहकारी बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्यासमोर कर्जदार रडले, जामीनदार रडले. काकांनी फक्त पावतीपुस्तक पुढे सरकवलं. आता रोज रात्री जेवताना ते खुनाची मालिका लावतात. पडद्यावर शवविच्छेदन चालू असतं आणि काका ताकभात कालवत म्हणतात, "मीठ कमी आहे." पण त्याच पडद्यावर एखादं कुत्रं शेपटी हलवत आलं, की घास हातातच राहतो. "हे वाचतं ना?"

सिनेमा लावायच्या आधी चौकशी ठरलेली. "जनावर आहे का रे? शेवटपर्यंत टिकतं का?" नायकाचं काय होतं, ते कधी विचारत नाहीत.

यावरून काका प्राणिमित्र असावेत असा कुणाचा समज होईल. छे! खालच्या कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्या बाईंविरुद्ध सोसायटीच्या फाइलीत जेवढे अर्ज आहेत, त्यातले निम्मे काकांच्या अक्षरात आहेत. "ती कुत्री वेगळी. ती भुंकतात."

दुखणं जुनं आहे. १९७१ साली 'आनंद' आला. राजेश खन्ना कॅन्सरने गेला आणि अख्खं थिएटर मुसमुसलं. शाळकरी भाऊकाका शेंगदाणे सोलत होते. त्याच वर्षी 'हाथी मेरे साथी' आला. राजेश खन्नाला वाचवताना रामू हत्तीला गोळी लागली, आणि भाऊकाकांना उचलून बाहेर आणावं लागलं. यात विसंगती आहे हे त्यांना मान्य नाही. "आनंद मेला, तरी राजेश खन्ना पुढच्या पिक्चरमध्ये गाणं म्हणत होता की नाही? रामू कुठे दिसला परत?" यावर काय बोलणार?

'जॉन विक'मध्ये (२०१४) नायकाचं बीगल जातीचं पिल्लू गुंड मारतात आणि मग तो माणसांचा सडा घालतो. काकांनी एकेका खुनाला मान डोलावून मंजुरी दिली. जावयाने मात्र '७७७ चार्ली' (२०२२) हा कन्नड सिनेमा "हलकाफुलका आहे" म्हणून लावून दिला. त्यातली कुत्री कॅन्सरने जाते. जावई होता म्हणून वाचला.

सिनेमाआधीची 'कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही' ही पाटी काका चष्मा लावून वाचतात. सिनेमात जनावर घ्यायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, त्याचे नियम २००१चे, हे त्यांना पाठ आहे. स्वतःच्या लग्नाची तारीख काकूंना विचारावी लागते.

एकदा मी सरळच विचारलं, "काका, माणूस मेल्यावर तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतं. पण आधी मी त्याचं खातं उघडतो," काका म्हणाले. "रात्री एकटा कशाला गेला? भावावर विश्वास कशाला टाकला? शोधलं की थकबाकी निघतेच. एकदा थकबाकी निघाली, की रडू येत नाही. कुत्र्याचं खातं उघडावं तर पान कोरं. त्याला कशासाठी मारलं, ते त्यालाही कळत नाही आणि मलाही."

मला वाटतं, काकांचं हे म्हणणं निव्वळ वसुलीवाल्याचं नाही. कथेतल्या माणसाचा दोष आपण सगळेच शोधत असतो. काका तो उघड शोधतात, एवढंच.

मग त्यांनी थेट महाभारतातलं महाप्रस्थान काढलं. "धर्मराजाने तरी काय केलं? वाटेत एकेक जण पडत गेला. भीम विचारायचा, हा का पडला? आणि धर्मराज कारण सांगायचा. सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला पराक्रमाचा. शेवटी भीम स्वतःच पडला, तर त्यालाही सांगितलं, तू खादाड आणि बढाईखोर! सगळ्यांची खाती तपासून बंद केली. सोबत आलेल्या कुत्र्याच्या खात्यात मात्र काही निघेना. मग इंद्रापुढे अडून बसला, हा येणार नसेल तर मला स्वर्ग नको."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"पहिली कोण पडली, ते नाही सांगितलंत," काकू म्हणाल्या.

"द्रौपदी. तिचा अर्जुनाकडे जास्त ओढा होता."

"म्हणजे कुत्र्यासाठी इंद्राचा रथ अडवला आणि बायकोसाठी नाही."

काकांनी क्षणभर विचार केला. "रथ नंतर आला गं."

"अहो, पण वळून बघायला रथ कशाला लागतो?"

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिथे नुकताच कुणाचा तरी गळा चिरला होता.