आजन्म पास

गोंदियाच्या बिरसी विमानतळावर विमान शिकणाऱ्या पोराला व्यावसायिक परवान्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, संवाद अशा सहा अंगांनी त्याला तपासतात आणि ज्यात तो सगळ्यांत कच्चा, तीच त्याची पातळी. निदान चौथी हवी. ती मिळाली तरी 'आयकाओ' या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस अशी की तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा घ्यावी. सहावीवाल्याची मात्र आजन्म सुटका. ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्याच्या पदरात ही सहावी बहुधा पाळण्यातच पडते.

परीक्षा नकोच, असं कुणी म्हणेल तर त्याने चरखी दादरी आठवावी. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं, समोरून येणाऱ्या सौदी विमानावर आदळलं आणि ३४९ माणसं गेली. कझाक वैमानिकांचं इंग्रजी तोकडं होतं, हे चौकशीत पुढे आलं. कबूल. पण २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ काय झालं? कोलंबियाच्या सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचं इंग्रजीतच सांगितलं, व्याकरणात खोट नव्हती. फक्त 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द तो बोलला नाही, आणि अमेरिकी नियंत्रकांना त्यातली निकड उमगली नाही. ७३ जण गेले. पातळी नक्की कुणाची तपासायची? तेनेरीफला १९७७ मध्ये दोन जम्बो धडकून ५८३ बळी गेले, त्यानंतरचा उपायही पाहा: उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना सोडून 'टेक-ऑफ' हा शब्द काढायचाच नाही. म्हणजे सुरक्षितता आली ती इंग्रजीला कात्री लावून. आणि आपण गुण देतो ओघाला!

यावर म्हणतील, प्रवाशाला झटका आला, इंजिनात पक्षी घुसला, तर ठरीव वाक्यं पुरत नाहीत, साधी भाषा लागतेच. अगदी खरं. मग साधं बोलता येतं का, हे सहावीवाल्यालाही विचारा की! वाक्प्रचार गिळून, आकडे न गुंडाळता, सावकाश बोलणं ही जन्मजात इंग्रजीवाल्यांचीही जबाबदारी आहे, असं 'आयकाओ'ची मार्गदर्शिकाच सांगते. पण जबाबदारीला गुण नसतात. तेव्हा त्यांचीही दर तीन वर्षांनी परीक्षा घ्यावी. केंद्र गोंदियात, परीक्षक चौथ्या पातळीचा विद्यार्थी. त्याला एका दमात कळलं तर पास. नाहीतर फी भरून पुन्हा यावं, उन्हाळ्यात.