फॉर्मॅट मारू नका, मेल शोधा

एक ठरावीक मेल उघडला की मेलचा प्रोग्राम हँग होतो. इनबॉक्समधले बाकीचे सगळे मेल नीट उघडतात. त्या एकावर क्लिक केलं की वर्तुळ फिरत राहतं, खिडकी पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं आणि टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ‘एण्ड टास्क’ केल्याशिवाय सुटका होत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन लावला की तो मशीन न बघताच सांगतो, ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’

नाही लागत. असं सांगणाऱ्याला उलट विचारा: माझे मेल आयमॅपवर आहेत की पॉपवर?

याचं उत्तर ठाऊक नसताना जो फॉर्मॅटचं नाव काढतो, त्याच्या हाती मशीन देऊ नका. आयमॅप असेल तर मेलची मूळ प्रत सर्व्हरवर असते. फॉर्मॅट झाला, प्रोग्राम नव्याने टाकला, की तोच मेल पुन्हा खाली उतरतो आणि पुन्हा तिथेच अडतो. पैसे गेले, दिवस गेला, दुखणं जागच्या जागी. पॉप असेल तर प्रकरण याहून गंभीर. पॉपमध्ये मेल आपल्या मशीनवर उतरतात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसले जातात. वकिलांच्या, सीएंच्या, लहान कारखान्यांच्या ऑफिसांत असे जुने सेटअप आजही चालू आहेत. तिथला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार फक्त त्या एका डिस्कवर असतो. एका खड्यासाठी तांदळाचं अख्खं पोतं गटारात ओतायला सांगणारा हा सल्ला आहे, आणि तो इतका सर्रास दिला जातो याचा मला राग येतो.

तितकाच सर्रास ऐकू येतो तो ठपका: ‘तुम्ही काहीतरी भलतंच उघडलं असणार.’ मेल उघडणं हा गुन्हा कधीपासून झाला? अनोळखी माणसांनी पाठवलेला मजकूर दाखवणं हेच तर मेलच्या प्रोग्रामचं काम. तो मजकूर वेडावाकडा असेल, अर्धवट असेल, कुणी मुद्दाम बिघडवलेलाही असेल. प्रोग्रामने फार तर सांगावं की हा मेल मला नीट दाखवता येत नाही, आणि पुढच्या मेलकडे जाऊ द्यावं. तो अडतो तेव्हा दोष त्याचा असतो. वाचणाऱ्याचा कधीच नसतो.

फेब्रुवारी 2018 आठवा. तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे एक अक्षर असलेला संदेश आला की आयफोनवरचं ॲप कोसळत होतं. आयओएस 11.2.5 असलेल्या फोनवर मेसेजेस असो, व्हॉट्सॲप असो की मेलचं ॲप, ते अक्षर पडद्यावर काढायची वेळ आली की ॲप बंद. नोटिफिकेशनमध्ये ते उमटलं तर होमस्क्रीनच कोसळे. त्या अक्षरात कसलाही व्हायरस नव्हता. ज, हलन्त, ञ, काना, आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह, जे अक्षरं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून युनिकोडनेच दिलेलं आहे. सगळं नियमात बसणारं. अक्षरं जुळवणारा ॲपलचा कोड तेवढा त्या क्रमाला तयार नव्हता. ॲपलने त्याच महिन्यात 11.2.6 काढून ती चूक दुरुस्त केली. मधल्या काळात जाणकारांनी खोदून पाहिलं, तर बंगालीत आणि देवनागरीतही तसेच क्रम सापडले.

देवनागरी, म्हणजे आपल्या दाराशी आलं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ लिहिताना मराठीचे कित्येक कीबोर्ड असंच एक न दिसणारं जोडचिन्ह मध्ये घालतात. आपण ते रोज टाइप करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. 2015 मध्ये अरबी अक्षरं असलेल्या एका संदेशाने आयफोन बंद पडत होते, 2020 मध्ये सिंधी अक्षरं आणि इटलीचा झेंडा यांच्या जोडीने. तिन्ही वेळा घोटाळा निघाला तो रोमनपेक्षा वेगळ्या, जोडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांशी. कोट्यवधी माणसं ज्या लिप्यांत रोज लिहितात, त्यांची पुरेशी चाचणी न घेता फोन बाजारात येतात. याला अपघात म्हणायला मी तयार नाही. ही हयगय आहे.

तर मनातली अपराधी भावना आधी काढून टाका आणि कामाला लागा.

सगळ्यात आधी बॅकअप. मेलचा प्रोग्राम पूर्ण बंद करा. थंडरबर्ड वापरत असाल तर त्याचं प्रोफाइल फोल्डर, जुनं क्लासिक आउटलुक असेल तर पीएसटी फाइल, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पॉपवाल्यांनी हे केल्याशिवाय पुढे एकही पाऊल टाकू नये.

मग त्या मेलला आपोआप उघडण्यापासून रोखा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. प्रोग्राम सुरू होतो, शेवटी निवडलेला मेल प्रीव्ह्यूमध्ये आपणहून उघडतो, प्रोग्राम पुन्हा गोठतो आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळंच बिघडलं. थंडरबर्डमध्ये एफ8 दाबलं की मेल दाखवणारा भाग बंद होतो. क्लासिक आउटलुकसाठी विंडोजच्या रन चौकटीत ‘आउटलुक डॉट ईएक्सई’ लिहून, एक जागा सोडून ‘स्लॅश नोप्रीव्ह्यू’ द्यायचं. मग ते प्रीव्ह्यूशिवाय सुरू होतं. हे दुरुस्तीवाल्याला येत नसेल तर तुम्ही त्याला सांगा.

आता, मेल सर्व्हरवर शिल्लक असेल तर, ब्राउझरमधून वेबमेलवर जा आणि तो मेल तिथे उघडून बघा. उघडला तर मजकूर शाबूत आहे, काळजी मिटली. एक नवं फोल्डर करा, ‘अडलेले’ असं नाव द्या आणि तो मेल तिकडे हलवा. आयमॅपवाल्यांचा इनबॉक्स एवढ्याने मोकळा होतो. आयफोनच्या त्या तेलुगू प्रकरणातही तात्पुरता इलाज असाच होता: तो संदेश बाजूला काढणं. पुष्कळांना इथेच थांबता येईल, आणि थांबायला काहीच हरकत नाही.

पण असे मेल पुन्हा पुन्हा येत असतील तर कारण शोधायलाच हवं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. पाच गोष्टी एकदम बदलून ‘झालं बुवा’ म्हणणाऱ्याला कशामुळे झालं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा शून्यावर असतो.

पहिला बदल, मेल साध्या मजकुरात दाखवायला सांगा. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘मेसेज बॉडी ॲज’ खाली ‘प्लेन टेक्स्ट’ आहे. क्लासिक आउटलुकमध्ये ही सोय ट्रस्ट सेंटरच्या ईमेल सिक्युरिटीत दडवून ठेवली आहे, खरं तर ती पहिल्या पानावर असायला हवी होती. साध्या मजकुरात मेल उघडला, की कारण सजावटीत आहे हे जवळजवळ ठरलं.

ही सजावट कुठून आली ते समजून घ्या. मेल मुळात साधा मजकूरच होता. 1992 मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत आणली आणि एकाच मेलमध्ये मजकूर, चित्र, आवाज असे वेगवेगळे भाग बसू लागले. त्या वर्षी 11 मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाणं जोडून मेल पाठवला होता. ती पद्धत उत्तम आहे. आज घरोघरी पोचणारी प्रत्येक अटॅचमेंट तिच्यावर चालते. चित्र किंवा पीडीएफ मेलमधून न्यायची तर दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून 15 एमबीची पीडीएफ मेलमध्ये 20 एमबीची होते. एवढं सोसता येतं. त्यानंतर मेलमध्ये एचटीएमएल घुसलं आणि एका ओळीच्या निरोपाभोवती तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता, दूरच्या सर्व्हरवरून आणायची चित्रं असा डोलारा उभा राहिला. त्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर काही प्रोग्राम नुसते वाट बघत बसतात. म्हणून दुसरा बदल, बाहेरची चित्रं आपोआप उतरवणं बंद करा. तुम्ही मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला कळवणारी अदृश्य चित्रंही त्याने थांबतात, हा फायदा वेगळा.

प्लेन टेक्स्ट करूनही अडलं तर घोटाळा मेलच्या बाहेरही असू शकतो. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतं आणि शेजारी एमएसएफ नावाची सूची-फाइल. सूची बिघडली की प्रोग्राम चुकीच्या जागी मेल शोधतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिपेअर फोल्डर’ दाबलं की सूची नव्याने बांधली जाते. याच रचनेचा एक धोका कुणी सांगत नाही: त्या लांबलचक फाइलमधल्या एका मेलमध्ये अँटिव्हायरसला काही सापडलं, तर तो अख्खी फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये टाकू शकतो. सकाळी बघावं तर इनबॉक्स रिकामा. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर त्या तपासणीतून वगळा. अटॅचमेंट डिस्कवर सेव्ह होताना तपासली जातेच.

क्लासिक आउटलुकची तऱ्हा निराळी. 2007 पासून ते मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. आणि वर्ड पानाची मांडणी करताना डीफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतो. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल, तर मेल उघडताना आउटलुक खोळंबू शकतं. मेलचा आणि प्रिंटरचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? पण डीफॉल्ट म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून एकदा बघा, खर्च शून्य आहे. तेही कारण नसेल तर ‘स्लॅश सेफ’ देऊन आउटलुक सुरू करा. त्यात मेल उघडला तर एखादं ॲड-इन दोषी. एकेक बंद करत जा. फाइल बिघडल्याची शंका असेल तर ऑफिससोबत येणारं ‘स्कॅनपीएसटी’ चालवा, कॉपीवर आधी. 2002 पर्यंतच्या आउटलुकच्या पीएसटीची मर्यादा 2 जीबी होती आणि त्या टोकाला पोचलेल्या फाइली बिघडत. अशी जुनी फाइल कपाटातल्या मशीनवर अजून चालू असेल तर तिच्यातले मेल आजच नव्या फाइलमध्ये हलवा.

आता प्रोग्राम बनवणाऱ्यांना दोन शब्द. खिडकीने पाच सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची पाटी लावतं. म्हणजे अडलंय हे मशीनला कळतं. मग मेल उघडायचं काम खिडकी हलती ठेवणाऱ्या धाग्यावरून (थ्रेडवरून) काढून वेगळ्या धाग्यावर का टाकत नाही? त्याला वेळेची मर्यादा का घालत नाही? मागच्या वेळी ज्या मेलवर प्रोग्राम पडला, तोच मेल पुढच्या वेळी सुरू होताना पुन्हा का उघडता? ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक टॅब पडली तरी बाकीच्या शाबूत ठेवण्याची सोय कधीच केली. मेलवाले मागे राहिले, कारण मेलकडे आता कुणी नवलाईने बघत नाही. पण कोर्टाच्या तारखा, जीएसटीच्या नोटिसा, नोकरीची बोलावणी, इस्पितळाचे रिपोर्ट आजही मेलनेच येतात. इतक्या महत्त्वाच्या गोष्टी ज्या दारातून घरात येतात, ते दार एका वाकड्या मेलने अडता कामा नये.

आणि पाठवणाऱ्यांनो, बँका, शाळा, सोसायट्या, तुम्हीही. ‘उद्या पाणी येणार नाही’ हे सांगायला रंगीत पोस्टर का लागतं? माइममध्ये एकाच मेलमधून साधा मजकूर आणि सजवलेला मजकूर असे दोन्ही पाठवायची सोय पहिल्यापासून आहे. साधा भाग रिकामा ठेवू नका. सजावट अडली तरी निरोप पोचतो, आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीनरीडरलाही तो भाग सरळ वाचता येतो.

राहिला तो ‘अडलेले’ फोल्डरमधला मेल. तो पुसून टाकू नका, दोष सुधारायला तोच पुरावा आहे. वेबमेलमधून त्याचं मूळ रूप ईएमएल फाइल म्हणून उतरवून घ्या आणि त्या फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. नावं, पत्ते, फोन, खाते क्रमांक असतील तिथे तेवढ्याच लांबीची खोटी अक्षरं भरा, सेव्ह करा आणि मेलच्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. अजूनही अडतंय? मग ती फाइल, प्रोग्रामची आवृत्ती आणि विंडोजची आवृत्ती एवढं थंडरबर्डसाठी बगझिला या दोषनोंदणीच्या साइटवर नोंदवा, आउटलुकसाठी त्यातल्याच ‘फीडबॅक’मधून कळवा. तेलुगूतलं ते एक अक्षर नेमकं हाती लागलं म्हणून ॲपलला त्याच महिन्यात दुरुस्ती करता आली. नुसतं ‘हँग होतंय’ म्हणून कळवलं असतं तर कुणाला काही सापडलं नसतं.